डोंगरावरची थंडी, नाल्यातली थंडी आणि आपला ऊस



दिवाळी झाली की आमच्या शेतकी खात्याच्या दारात एकच प्रश्न ऐकू येतो. "साहेब, यंदा थंडी कशी राहील?" विचारणाराच्या मनात मात्र एकच गोष्ट नसते. ज्याचा ऊस तोडणीला आला त्याला थंडी हवी असते, कारण थंडीने साखर भरते. ज्याने पूर्वहंगामी लागण केली आहे, किंवा करावी की नाही अशा विचारात आहे, त्याला थंडी नको असते, कारण थंडीने डोळा फुटत नाही. एकाच धुऱ्याच्या अलीकडे-पलीकडे असे दोन सभासद असतात आणि दोघांनाही आम्ही एकच उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. ते उत्तर आम्ही बरीच वर्षे जिल्ह्याच्या आकड्यावरून दिले. त्यात आमची एक मोठी चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन का लिहिले ते कळेल.

काही वर्षांपूर्वी डोंगरपायथ्याच्या एका गावात एका सभासदाने नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागण करू का असे विचारले. जिल्ह्याचे किमान तापमान त्या आठवड्यात पंधरा अंशांवर होते, पुढच्या पाच दिवसांतही घट नव्हती. आम्ही होकार दिला. त्याचे वावर दोन तुकड्यांत होते, एक टेकाडावर आणि एक नाल्याकाठी. बेणे एक, मजूर तेच, पाणी एकाच विहिरीचे. टेकाडावरचा ऊस महिन्याभरात बऱ्यापैकी उगवला. नाल्याकाठचा दीड महिना झाला तरी सरीत हिरवे दिसेना. उकरून पाहिले तो निम्मी टिपरी आतून लाल पडून आंबट वास मारीत होती. आम्ही बांधावर उभे राहून हवामानाचे आकडे सांगू लागलो, तेव्हा तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "सायेब, मोबाईलवरचं खरं असन, पन आमच्या नाल्याले कोन सांगन?"

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. आम्ही पदविकेच्या अभ्यासात ते वाचले होते, पण वावरात ते आम्हांस त्या दिवशी कळले.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. आपल्या मुलखाची ठेवण कशी आहे ते पाहा. उत्तरेस सातपुड्याची गाविलगडची रांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिच्यावर चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर, आणि वैराटचा माथा त्याहून थोडा वर. खाली पूर्णेचे खोरे. अमरावती साडेतीनशे मीटरच्या आसपास, अकोला त्याहून खाली. म्हणजे परतवाड्याहून घाट चढून तासाभरात आपण सात-आठशे मीटर वर जातो. पावसाळ्यात या चढाचा फरक सगळ्यांना दिसतो. चिखलदऱ्यास वर्षाला सुमारे दीड हजार मिलिमीटर पाऊस, तर अकोल्यास त्याच्या निम्म्याच्या आसपास. हिवाळ्यातला फरक तितका डोळ्यांवर येत नाही, कारण थंडी मोजायला आपण दारात भांडे ठेवीत नाही.

पुस्तकातला नियम असा की, हजार मीटर वर गेल्यास हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्या हिशेबाने चिखलदरा अमरावतीपेक्षा पाच अंशांनी थंड असावा. भर दुपारी आणि वाऱ्याच्या रात्री तो असतोही. कॉफीचे झाड विदर्भात तिथेच टिकले, त्याचे कारण ही उंचीच होय. परंतु हा नियम शांत, निरभ्र रात्री उलटा होतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या आपल्या बऱ्याच रात्री अशाच असतात.

ते कसे, तर जमीन दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता आकाशाकडे सोडते. वर ढग असले तर ते गोधडीसारखे काम करतात, उष्णता अडवून परत खाली पाठवतात. आकाश मोकळे असले तर जमीन भराभर निवते आणि तिला लागलेली हवाही निवते. थंड हवा जड असते. जड वस्तू उताराने खाली जाते, तशीच ही हवा डोंगराच्या कुशीवरून, ओढ्यानाल्यांच्या वाटेने खाली उतरते आणि जिथे पाणी साचेल अशा खोलगट जागी साचते. सापन, चंद्रभागा, शहानूर या नद्या मेळघाटातून ज्या वाटेने खाली येतात, त्याच वाटेने रात्री थंडीही येते. तिला अडवायला धरण नाही. उलट धुऱ्यावर दाट काटेरी कुंपण किंवा रस्त्याचा उंच भराव आडवा असेल तर त्याच्या वरच्या अंगाला ती तुंबते आणि तेवढे वावर जास्तच गारठते.

त्यामुळे पायथ्याच्या गावात तीन थर पडतात. अगदी खाली नाल्याकाठी सर्वात थंड. त्याच्या वर, उताराच्या मधल्या भागात, सर्वात ऊबदार पट्टा. आणि त्याहून वर डोंगरमाथा, तो उंचीमुळे थंड. बहिरमच्या यात्रेत रात्र काढलेल्यांना हा अनुभव असेल. डिसेंबरच्या वीस तारखेनंतर तिथे राहुट्या पडतात, आणि खोलगट जागी उतरलेला माणूस पहाटे शेकोटी सोडीत नाही, तर थोडे वर चढावर उतरलेला बरा झोपतो. आम्ही स्वतः एका डिसेंबरात त्या सभासदाच्या वावरात दोन ठिकाणी साधे किमान-कमाल तापमापक टांगून पाहिले. निवांत रात्री नाल्याकाठी आणि टेकाडावर तीन अंशांहून अधिक फरक निघाला. दोन्ही जागांत उंचीचा फरक असेल पंधरा-वीस फुटांचा. वारा सुटला त्या रात्री मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखेच वाचन आले, कारण वारा वरची-खालची हवा ढवळून टाकतो.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते आपल्या महाराष्ट्रातले आहे म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. रात्री सर्वात थंड हवा अगदी जमिनीलगत असते असे सारे जग मानीत होते. पुणे येथे हवामान खात्याचा कृषी विभाग १९३२ साली सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुख डॉ. एल. ए. रामदास. त्यांनी व आत्मनाथन यांनी त्याच वर्षी मोजणी करून दाखविले की, उघड्या जमिनीवर निवांत रात्री सर्वात थंड हवा जमिनीला चिकटून नसते, ती वीत-दोन वितींवर असते. परदेशी शास्त्रज्ञांनी बराच काळ ही मोजणीतील चूक समजली. पुढे ते खरे ठरले, आणि १९९० नंतर बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी त्याचे गणितही मांडले. आपल्याला त्यातून घ्यायचे ते इतकेच की, सरीतून वर आलेला उसाचा कोवळा कोंब नेमका त्या वीत-दोन वितींच्या थरात उभा असतो. हवामान केंद्रातला तापमापक मात्र पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतो. तेव्हा पेटीतला आकडा आणि कोंबाची थंडी यांत आणखी फरक पडतो.

आता हवेचा एकूण रोख. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नैर्ऋत्य मोसमी वारे आपल्याकडून माघारी जातात. मग ऑक्टोबर हीटचे पंधरा दिवस. वारा दक्षिण-पश्चिमेचा होता तो फिरून उत्तर-ईशान्येचा होतो, हवा कोरडी पडते, दहिवर पडू लागते. कार्तिकात पहिली झुळूक लागते आणि मार्गशीर्षात थंडी खऱ्या अर्थाने बसते. हे साधारण वर्षाचे झाले. पण हा क्रम दोन गोष्टींनी मोडतो.

पहिली, समुद्रातली वादळे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातला व अरबी समुद्रातला वादळांचा मोसम. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' कोकण किनाऱ्यावर आले. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस व नोव्हेंबरात अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' लागोपाठ आली, आणि त्या सुमाराच्या अवकाळीने राज्यभर सोयाबीनच्या गंज्या व वेचणीची कपाशी भिजली. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस राज्यात ठिकठिकाणी गारांसह पाऊस झाला, आणि लगेच डिसेंबरच्या सुरुवातीस 'मिचाँग' आंध्रच्या किनाऱ्यावर बापटल्याजवळ चढले. वादळ आपल्यापासून पाचशे किलोमीटर दूर असले तरी त्याचे ढग आपल्यावर येतात. अमरावती जिल्हा दोन खोऱ्यांत वाटला आहे हेही येथे ध्यानात घ्यावे. वरुड, मोर्शी, तिवसा, धामणगाव यांचे पाणी वर्धेकडे जाते आणि दर्यापूर, भातकुलीचे पूर्णेकडे. उपसागराकडून येणारे ढग बहुधा आधी वर्धेच्या बाजूला भिडतात, अरबी समुद्राकडचे पूर्णेच्या बाजूला. एका बाजूला रिमझिम आणि दुसरीकडे नुसते आभाळ, असे बरेचदा घडते.

दुसरी गोष्ट, पश्चिमी झंझावात. ते हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकले की मागे कोरडा गार वारा सोडतात, तो मध्य प्रदेश ओलांडून दोन-तीन दिवसांत आपल्याकडे पोचतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरला ३.५ अंश तापमान नोंदले गेले, ती अशीच लाट. हवामान खाते थंडीची लाट ठरविताना डोंगर आणि मैदान यांना वेगळे माप लावते. मैदानी ठिकाणी किमान तापमान १० अंश किंवा खाली हवे आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून अधिक उतरलेले हवे. डोंगराळ ठिकाणी किमान शून्य किंवा त्याखाली गेल्यावरच विचार होतो. खुद्द खातेच डोंगर आणि मैदान एका काट्यावर तोलत नाही, तर आपण तरी आपले टेकाड आणि नाला का तोलावा?

आता उसाचे काय होते ते पाहू. ऊस हे मूळचे उष्ण हवेचे पीक. वीस अंशांखाली डोळे मंदावतात आणि पंधराच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. पण पानांत साखर तयार होण्याचे काम स्वच्छ उन्हात चालूच राहते. वाढीला साखर लागेना, म्हणून ती कांड्यात साठू लागते. रात्री बारा-चौदा अंश, दिवसा लख्ख ऊन आणि जमिनीत ओल कमी, ही पक्वतेची उत्तम हवा. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत उतारा चढतो. याउलट नोव्हेंबर अखेर आभाळ येऊन रात्री अठरा-वीस अंशांवर राहिल्या आणि वर पाऊस झाला, तर थांबलेला ऊस पुन्हा वाढू लागतो आणि साठलेली साखर खर्च करतो. आमच्या हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स घसरलेला लगेच दिसतो.

याची किंमत रुपयांत सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरविला. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे वाढ, आणि खाली गेल्यास तेवढीच घट (साडेनऊ टक्क्यांखाली मात्र घट नाही). म्हणजे दशांश टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. एकरी ४० टन ऊस धरला तर १,३८४ रुपये. आणि उतारा धरायचा तो साऱ्या कारखान्याचा सरासरी. तुमच्या फडात कच्चा ऊस तुटला तर शेजाऱ्याच्याही बिलात कमी येते. म्हणून तोडणी कार्यक्रमावरून आमच्याशी भांडणाऱ्या सभासदांचा आम्हांस राग येत नाही. पण नुसत्या लागण तारखेवर पाळी लावायचा जो रिवाज आहे त्यात पायथ्याच्या गावांपुरता फेरफार करावा असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. एकाच तारखेच्या लागणीत नाल्याकाठचा, गारठ्यातला ऊस पाणी तोडल्यास आधी पक्व होऊ शकतो आणि मधल्या ऊबदार पट्ट्यातला मागाहून. याला अपवाद पाणथळ जागेचा. तिथे ओल हटत नाही, म्हणून गारठा असूनही ऊस हिरवाच राहतो. सबब, शेंडा आणि बुडखा दोन्हींचा ब्रिक्स घेऊन, तो जवळजवळ सारखा आला की मगच तोड द्यावी. ज्या फडात तुरा आला असेल तो मात्र आधी तोडावा. वाट पाहत बसल्यास कांड्यात दशी पडते आणि वजनही जाते.

तोडणीपूर्वी पंधरा-वीस दिवस पाणी बंद करावे हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी शेवटची पाळी दिली जाते. वजन वाढते असा समज. त्यात एक गोष्ट जोडतो. वादळाचा अंदाज असेल तर पाणी नेहमीपेक्षा आठवडाभर आधीच तोडावे, म्हणजे वरून पाऊस पडला तरी जमीन तो पिऊ शकेल आणि गाड्याही फडातून निघू शकतील. काळ्या जमिनीत नोव्हेंबरचा एक इंच पाऊस तोडणी टोळीला चार-पाच दिवस बसवून ठेवतो. आणि तुटलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. थंडीत तो थोडा जास्त टिकतो, म्हणून आळस करण्याचे कारण नाही, विशेषतः दमट ढगाळ हवेत.

लागणीविषयी आता आम्ही पूर्वीइतके सरसकट बोलत नाही. टेकाडावर आणि मधल्या उतारावर १५ नोव्हेंबरपर्यंत पूर्वहंगामी लागण करण्यास हरकत नाही. नाल्याकाठी ती ऑक्टोबरअखेर आटोपावी. जमले नाही तर सरळ सुरू हंगामाची वाट पाहावी, तीही जानेवारीचा गारठा ओसरल्यावर. मधल्या काळात एक डोळ्याची रोपे ट्रेमध्ये, रात्री प्लास्टिकने झाकून, वाढवून ठेवली तर हंगाम वाया जात नाही. थंडीत टिपरी खोल दाबू नयेत, पाणी हलके द्यावे. फार पाणी दिल्यास माती थंड आणि गच्च होते आणि टिपरी कुजतात. आमच्या त्या सभासदाची तशीच कुजली. उगवून आलेल्या पिकाला मात्र लाटेच्या संध्याकाळी हलके पाणी फायद्याचे, कारण ओली माती दिवसाची ऊब खालून वर आणून देते. या दोन गोष्टींत घोटाळा करू नये.

खोडव्याचेही असेच. पाचट जाळू नका हे खरेच. परंतु डिसेंबर-जानेवारीत तुटलेल्या उसाच्या बुडख्यांवर पाचटाचा थर राहिला तर ऊन मातीला लागत नाही आणि फुटवे उशिरा येतात. पाचट बुडख्यांवरून ओढून सरीत दाबावे. खारपाण पट्ट्याच्या कडेला ज्यांचा ऊस आहे त्यांनी को ८६०३२ पेक्षा फुले २६५ चा विचार करावा, ती चोपण जमिनीत तग धरते. थंडीने रेंगाळलेली उगवण आणि खारे पाणी असा दुहेरी मार तिथे बसतो.

संत्रा आणि तूर हा आमचा विषय नव्हे, पण बरेच सभासद तेही करतात. आंबिया बहाराचा ताण बसण्यास हीच थंडी लागते, आणि ढगाळ पहाटेची धुवारी तुरीचा फुलोरा गाळते. नाल्याकाठी धुवारी जास्त बसते, त्याचेही कारण वर सांगितले तेच.

शेवटी अंदाज कसा वाचावा याविषयी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज रोज असतो. 'मेघदूत' वर मोबाईलमध्ये तो पाहता येतो, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून ग्रामपंचायतीच्या पातळीवरही अंदाज दिला जाऊ लागला. बहुतेक जण त्यात पाऊस आहे की नाही एवढेच पाहून मोबाईल खिशात टाकतात. या दिवसांत किमान तापमान, ढग आणि वाऱ्याचा वेग असे तीन आकडे एकत्र पाहावेत. ढग आठ भागांपैकी किती ते दिलेले असते. ढग दोन भागांपर्यंत आणि वारा ताशी पाच किलोमीटरच्या आत असेल, तर नाल्याकाठच्या वावरासाठी आम्ही दिलेल्या किमान तापमानातून तीन अंश वजा करतो. ढग पाच-सहा भाग असतील तर काही वजा करीत नाही. हा आमचा अंदाजी हिशेब आहे. तुमच्या नाल्याचा आकडा दोनही असेल, चारही असेल.

तो काढता यावा म्हणून पायथ्याच्या गावांतल्या चिटबॉयकडे किमान-कमाल तापमापक दिले आहेत. सकाळी साडेआठला वाचन घेऊन आदल्या रात्रीचे ढग-वारा शेजारी लिहावा आणि दर सोमवारी गट कार्यालयात द्यावे. ज्या सभासदांना स्वतःच्या वावरात मोजायचे असेल त्यांनी तापमापक सावलीत, चार फुटांवर, विहिरीच्या काठापासून दूर टांगावा. टिनाच्या भिंतीला टांगू नये, वाचन चुकते. आणि गट कार्यालयात नोंद देताना वावर नाल्याकाठचे, उताराचे की टेकाडाचे ते अवश्य लिहावे.

ज्यांच्या नाल्याने आम्हांस हा धडा दिला, त्या सभासदाने यंदा खालच्या तुकड्यात हरभरा पेरला आहे. लागण फेब्रुवारीत, रोपांची.